आमच्या नावाच्या माणसाला जेवण फुकट

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात आहे, घोड्यावर बसलेल्या पुतळ्याखाली आहे. एका शहरात त्या नावाचा चौक आहे, दुसऱ्या शहरात त्या नावाचा वाडा आहे आणि त्या वाड्याचं आता हॉटेल झालं आहे. एका गावाला ते नाव आहे, एका साखर कारखान्याला आहे, आणि इथे बेंगळुरात एका बसस्टॉपलाही आहे. कुणा मेलेल्या कंत्राटदारावरून पडलं म्हणतात. राजाजीनगरात आमच्या मटण खानावळीच्या पाटीवर ते लाल रंगात होतं. इथे लिहिलं तर त्या नावाची माणसं पुन्हा दाराशी येतील. मला आता कोणाला वाढायचं नाही.

मी जन्मले त्या नावात आणि लग्न होऊन आले तीही त्याच नावात. ऐकणारे दचकतात. त्यात दचकण्यासारखं काही नाही. लग्नात मांडवाच्या मेढीला ज्या झाडाची डहाळी बांधतात ते त्या घराचं देवक. देवक एक असेल तर ती भावकी, तिथे सोयरीक होत नाही. नाव एक आणि देवक वेगळं असेल तर खुशाल होते. माझ्या बापाचं देवक पंचपल्लव, सासऱ्याचं कळंब. एवढं विचारलं आणि मला देऊन टाकलं. सीमेकडच्या खेड्यातून चौथी शिकलेली पोर इथे आली. नवरा कसा आहे, मारतो का, पितो का, हे कोणी विचारलं नाही. मारत होता. पीत होता.

सासऱ्याला नावाचं फार वेड. आपण त्या थोर सरदाराच्या थेट वंशातले असं तो सगळ्यांना सांगायचा. भिंतीवर तलवार टांगलेली होती, ती पूर्वजांची म्हणायचा. ती त्यानं पेठेतल्या रविवारच्या जुन्या बाजारातून आणली होती. सासूनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं. मूठ एका तलवारीची आणि पातं दुसरीचं, असली ती तलवार.

याच माणसानं खानावळीत कायदा केला. पाटीखाली बारीक अक्षरात लिहून घेतलं: आमच्या नावाच्या माणसाला जेवण फुकट. कुठूनही येऊ दे, नाव सांग आणि पानावर बस. मग काय, लोक यायला लागले. गरडीतले पैलवान आले. गरडी म्हणजे इथली तालीम. एका मंत्र्याचा ड्रायव्हर आला, तो त्याच नावाचा होता आणि मंत्र्यापेक्षा जास्त ऐटीत बसायचा. एक दातांचा डॉक्टर यायचा, त्याला मराठी येत नव्हतं, नाव मात्र तेच. एक ख्रिस्ती नर्स यायची. ती गुपचूप खायची आणि जाताना माझ्या सासूचं बोट कापलेलं असेल तर बांधून जायची. एक रौडी यायचा, पोलिसांच्या यादीतला. तो जेवताना दरवाज्याकडे तोंड करून बसायचा.

एकदा एक मास्तर आला. स्वच्छ धोतर, हातात छत्री. नाव सांगितलं. सासऱ्यानं त्याला मानानं आत बसवलं, स्वतः वाढलं. जेवण झाल्यावर सुपारी कातरत सासऱ्यानं विचारलं, "देवक काय आपलं?" मास्तर म्हणाला, "देवकबिवक आम्हाला कुठलं? आम्ही गावकुसाबाहेरचे." त्यानं हसत सांगितलं होतं, विश्वासानं. सासऱ्यानं पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारायला सुरुवात केली. मास्तर पायऱ्यांवरून खाली गडगडला. तिथेही मारलं. छत्री मोडली. त्याचा एक दात आमच्या पायरीवर पडला होता. सासऱ्यानं मला सांगितलं, पाणी टाक. मी पाणी टाकलं.

म्हणजे नाव एक असून भागत नव्हतं, हे सासऱ्यालाही पक्कं ठाऊक होतं. कायदा मात्र नावाचा.

आता खंडेनवमीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या दिवशी आमच्यात हत्यारांची पूजा होते. इथे सगळं शहरच आयुधपूजा करतं. ऑटोला केळीचे खांब बांधतात, झेंडूच्या माळा घालतात, आणि कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर आपटून फोडतात. रस्ते लाल आणि निसरडे होतात. आमच्या घरी पहाटे बोकड पडतो. मग सगळी पाती धुवायची: सत्तूर, सुऱ्या, विळी, भिंतीवरची ती तलवार. हळदकुंकू लावून पाटावर मांडायची. पळ्या, खलबत्ता, वजनंसुद्धा. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. फुंकणी तेवढी मांडत नाही, कारण नैवेद्यासाठी चूल पेटलेली असते. आणि सासऱ्याचं आणखी एक म्हणणं होतं: पूजेतून हत्यार उचललंच, तर ते रिकामं परत ठेवायचं नाही. त्याला रक्त लागतं.

माझा मुलगा लहान होता तेव्हाची खंडेनवमी. पुरुषमाणसं त्या दिवशी पितात. फुकट जेवायला आलेल्यांत दुसऱ्या गरडीचा एक पैलवान होता, आमच्याच नावाचा. तो आणि माझा नवरा भांडायला लागले, खरे कोण यावरून. "खरे आम्ही," पैलवान म्हणाला. "तुम्ही लढाईतून पळून आलेल्यांची अवलाद. इथे येऊन मटण विकता." नवऱ्यानं पाटावरचा सत्तूर उचलला. उचलून उभा राहिला. मी बघत होते, त्याची दारू उतरत चालली होती. त्यानं ठेवून दिला असता. तेवढ्यात आतून सासरा ओरडला, "उचललंस ना? मग रिकामं ठेवू नकोस!"

एकच घाव. खांदा मानेपासून सुटला. माणूस पानावरच पडला. दवाखान्यात पोचायच्या आत गेला. माझा मुलगा तेव्हा तांब्या घेऊन पाणी वाढत होता. त्याच्या सदऱ्यावर, तोंडावर, तांब्यात, सगळीकडे रक्त. तो रडला नाही. त्यानं विचारलं, "अप्पानं बरोबर केलं ना?"

नवरा जेलमध्ये गेला. सुटला तेव्हा खोकत आला आणि फार दिवस टिकला नाही. तो सत्तूर पोलिसांनी नेला. सासऱ्यानं नवा आणला, आणि पुढच्या खंडेनवमीला तोही पाटावर मांडला. खानावळ मी चालवली. मुलगा मोठा झाला, बापासारखा रुंद आणि बापासारखाच तापट. रोज मटण तोच तोडतो, त्याची मला भीती नाही. मला भीती एकाच दिवसाची. त्या दिवशी त्या पाटाकडे त्याचा हात जाऊ नये, एवढंच मी इतकी वर्षं सांभाळत आले. दुसरं मी फार काही सांभाळलेलं नाही.

आता या वर्षीचं.

व्हाइटफील्डला कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करणारा एक पुण्याचा माणूस आमच्याकडे यायला लागला. वय तिशीचं. मोबाइलवर मटण खानावळ शोधत होता, पाटीवर आपलंच नाव दिसलं म्हणून आला. जाडजूड मोटारसायकल, दंडावर तलवार उपसलेल्या त्या थोर सरदाराचं चित्र गोंदलेलं. सून म्हणाली, "चित्रातली तलवार आपल्या भिंतीवरच्या तलवारीपेक्षा खरी दिसते." मुलाला मात्र तो फार आवडला. दर रविवारी यायचा, माझ्या पाया पडायचा, मला आजी म्हणायचा, मुलाला दादा. फुकट खायचा आणि वर सांगायचा, "आजी, तुमची भाषा ना, फार क्यूट आहे. अर्धी कन्नड!" इतकी वर्षं बेंगळुरात राहून त्याला पाणी मागण्यापुरतंही कन्नड येत नव्हतं. मी म्हटलं, "तुझी अर्धी इंग्लिश. खा मुकाट्यानं."

खंडेनवमीला मुलानं त्याला नैवेद्याच्या जेवणाला बोलावलं. तो दुपारी आला. उजव्या हाताची बोटं सोललेली, सदऱ्याच्या बाहीवर डाग. सुनेनं विचारलं तर म्हणाला, "अहो वहिनी, रस्त्यात कोहळे फोडून ठेवलेत सगळीकडे. गाडी स्लिप झाली." हात धुतले, पानावर बसला. दोनदा रस्सा मागितला. नळी फोडून चोखली. "आजी, आज तर जबरदस्त!" म्हणाला.

जेवण झाल्यावर मुलगा आणि तो पुढच्या खोलीत गप्पा मारत बसले. सून आत आली ती पांढरी होऊन. तिच्या हातात मोबाइल होता. सगळीकडे फिरत असलेला व्हिडिओ कुणीतरी तिला पाठवला होता.

व्हाइटफील्डचा रस्ता. सजवलेला ऑटो, पुढे फोडलेला कोहळा. मोटारसायकल आडवी. आणि आमचा पाहुणा हातातल्या हेल्मेटनं ऑटोवाल्याला मारतोय. ऑटोवाला म्हातारा, केस पांढरे. आधी हात जोडत होता, मग तोंड झाकत होता, मग काहीच करत नव्हता. हेल्मेट खाली यायचं तेव्हा फळी फुटल्यासारखा आवाज यायचा. आणि हा हिंदीत ओरडत होता, आम्ही तुमच्यावर राज्य केलंय, मी कोण आहे माहीत आहे का, आणि मग आमचं आडनाव. एकदा नाही. प्रत्येक फटक्याला.

म्हाताऱ्याच्या तोंडातून काहीतरी रस्त्यावर पडलं. मला ते काय आहे हे कळायला जवळून बघायची गरज नव्हती. असा दात मी पूर्वी पाहिला होता.

मी पुढच्या खोलीत गेले. मोबाइल त्याच्यासमोर धरला.

"हा तूच ना?"

त्यानं बघितलं. "आजी, पूर्ण व्हिडिओ नाहीये तो. आधी त्यानं मला शिवी दिली."

"कन्नडात दिली?"

"हो."

"मग तुला कळली कशी?"

तो मुलाकडे बघायला लागला. मुलगा म्हणाला, "आई, चुकलं असेल त्याचं. राग आला असेल. पण आपल्या नावाचा आहे. आज आपल्या दारात आलाय. भावकीला आपण असं टाकणार का?"

मी त्या माणसाला विचारलं, "देवक काय तुझं?"

"म्हणजे काय?"

"बघ," मी मुलाला म्हटलं. "कसली भावकी?"

"नाव एक तर रक्त एक," मुलगा म्हणाला. हे वाक्य त्याच्या आजोबाचं.

"हो का? मग मी तुझ्या बापाची बहीण झाले. आणि तू कोण झालास ते बाहेर जाऊन विचार."

सून तोंडाला पदर लावून आत गेली. मुलगा लालबुंद झाला. मी म्हटलं, याला आत्ताच्या आत्ता पोलिसात घेऊन जा, तिथे निदान जिवंत राहील. मुलगा नको म्हणाला. संध्याकाळ होऊ दे, मागच्या गल्लीनं काढतो. त्यानं पाहुण्याला आत तांदळाच्या पोत्यांमागे बसवलं. हीच त्याची चूक झाली. आमच्या पाटीवर ते नाव, व्हिडिओत ते नाव, आणि दर रविवारी ती मोटारसायकल आमच्या दारात उभी असते हे ऑटोस्टँडवरच्या प्रत्येकाला माहीत. आजही ती दारातच होती.

दिवे लागायच्या सुमाराला ते आले. आधी ऑटो आले, माळा घातलेले, केळीचे खांब बांधलेले, एकामागे एक. मग पायी आले. पुढे आमच्या स्टँडचा म्होरक्या होता. तो लहानपणापासून आमच्याकडे रस्सा खातो. मी उंबऱ्यात उभी राहिले. आमचं बोलणं कन्नडात झालं, मी मराठीत लिहिते.

"अज्जी, बाजूला व्हा. तो आत आहे."

"आहे."

मागून मुलगा ओरडला, "आई!"

"आहे तर काय सांगू, नाही?" मी म्हटलं.

"तुमचा कोण तो?"

"माझा कोणी नाही. पण दारात येऊन मारायला देणार नाही. पोलिसांना बोलवा."

"पोलिसांना त्या म्हाताऱ्याचे दात परत आणता येतील?" मागून कोणीतरी ओरडलं. मग दुसरा, "नाव तर बघा पाटीवर! हीच ती राज्य करणारी माणसं!" आणि दगड आला. पाटीची काच फुटली. दुसरा दगड दिव्यावर. मोटारसायकल आडवी पाडून तिच्यावर चारपाच जण चढले. तिसरा दगड माझ्या डोक्यावरून आत गेला आणि मुलाच्या कपाळावर बसला.

रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं. त्यानं ते हातानं पुसलं, हाताकडे बघितलं, आणि वळला. कुठे वळला ते मला न बघता कळलं. पूजेच्या पाटाशी गेला आणि सत्तूर उचलला. हळदकुंकू लावलेला. त्याच्या बापानं उचलला होता तसाच, उजव्या हातात, कोपर मागे घेऊन.

मी त्याचा दंड धरला. त्यानं मला नुसतं झटकलं आणि मी भिंतीवर आपटले. माझ्यात त्याला अडवायची ताकद नाही, हे त्या क्षणी मला समजलं. बाहेरची माणसं आत येणार, हा पहिल्याला तोडणार, मग ते ह्याला तोडणार. दोन्ही गोष्टी होणार होत्या. ती माणसं यायची थांबली तरच हा थांबेल.

मी आत गेले. चुलीजवळ फुंकणी पडली होती, लोखंडी, अजून गरम. पोत्यांमागे तो पुण्याचा गुडघे जवळ घेऊन बसला होता, मोबाइलवर कुणाशी तरी हळू बोलत होता. मी पहिली त्या मोबाइलवर मारली. बोटांसकट. तो किंचाळला. "ऊठ," मी म्हटलं. तो उठला तशी पाठीत घातली. स्वयंपाकघरातून, जेवणघरातून, मुलाच्या समोरून, मारत मारत मी त्याला उंबऱ्याबाहेर आणला. तो मोठा होता, मला एका हातानं ढकलू शकला असता. ढकललं नाही. एवढी लाज होती त्याच्यात, किंवा भीती.

पायरीवर तो गुडघ्यावर पडला. मास्तर पडला होता तिथेच. मी मारत राहिले. खांद्यावर, दंडावरच्या त्या चित्रावर. मला कोणाला वाचवायचं होतं वगैरे तेव्हा डोक्यात नव्हतं. म्हाताऱ्याचं तोंड फोडून आलेल्या माणसानं माझ्या पानावर बसून नळी चोखली, हेच होतं. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला.

लोक पुढे यायचे थांबले. 

"सॉरी, आजी, सॉरी!"

"मला नको. त्यांना म्हण. तप्पायितु म्हण."

"काय?"

"तप्पायितु! चुकलं म्हण, त्यांच्या भाषेत!"

"तप्पायितु," तो म्हणाला. रडत होता, नाक वाहत होतं. "तप्पायितु, तप्पायितु."

मी पुन्हा फुंकणी उचलली तेव्हा म्होरक्यानं माझं मनगट धरलं. "साकु, अज्जी. साकु." म्हणजे पुरे. मारायला आलेला माणूस मला पुरे म्हणत होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं मारल्यावर बाहेरच्यानं हात लावायचा नसतो. ही रीत त्यांच्यातही आहे, आमच्यातही आहे.

पण मागे मुलगा तसाच उभा होता. उंबऱ्यात. सत्तूर वर, कपाळातून रक्त चाललेलं. गर्दीतल्या कोणीतरी हसून म्हटलं, "बघा, महाराजांनी तलवार काढली!" आणि मुलानं एक पाऊल पुढे टाकलं. मी त्याच्यापुढे उभी राहिले, अगदी पात्याखाली.

"ठेव ते."

"आई, उचललंय. पूजेतून उचललंय." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "रिकामं कसं ठेवू?"

मी त्याला तुझा आजोबा खोटारडा होता, त्याची तलवार बाजारातली होती, हे सांगू शकले असते. पण त्या वेळी माणूस असलं काही ऐकत नाही. उंबऱ्याशी आमचा कोहळा ठेवला होता. दुकानाची दृष्ट काढून संध्याकाळी फोडायचा असतो. धांदलीत राहून गेला होता. मी तो पायानं लोटला. तो गडगडत त्याच्या पायाशी गेला.

"याला मार. याच्यात कुंकू भरलंय. देवीला चालतं, सगळ्या गावाचं चालतं, तुझं का चालणार नाही?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग गर्दीकडे. मग त्यानं असा घाव घातला की कोहळा दोन बाजूंना उडाला आणि सत्तूर खालच्या दगडात रुतला. लाल पाणी पायरीवरून खाली गेलं, त्या पुण्याच्या गुडघ्यांखालून. मुलगा तिथेच बसला. सत्तूर सोडला. हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत बसला.

म्होरक्या म्हणाला, "सरी." म्हणजे ठीक. "चला." काही जण नाराज होते. एकानं जाता जाता पाटीचा उरलेला तुकडा खेचून काढला. जाऊ दे.

पोलीस सगळं संपल्यावर आले. पुण्याच्या माणसाला घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं, कारण त्यानं माझ्यावर तक्रार केली होती. साहेबानं विचारलं, "हा तुमचा नातेवाईक का?"

"नाही."

"नाव तर एकच आहे."

"या नावाचे तुमच्या कोठडीत पण असतील," मी म्हटलं. "ते सगळे माझे जावई का?"

साहेब हसला. तक्रार अजून आहे. पुन्हा बोलावतील तेव्हा जाईन. मारलं मी, मोडलं मी, त्यात नाही म्हणण्यासारखं काही नाही.

घरी आल्यावर मी मुलाला सांगितलं, नावावर जेवण बंद. पाटी परत लाव, हवं तर मोठी लाव, ते नाव तुझ्या बापाचं आहे आणि माझ्या बापाचंही. खालची ओळ लावायची नाही. त्यानं मान डोलावली. सत्तुराच्या धारेला मोठी खाच पडली होती. लोहार म्हणाला, टाकून द्या. मुलगा म्हणाला, नको, हाच घासून द्या.

ऑटोवाला म्हातारा दवाखान्यात होता. जबडा तारेनं बांधलेला. त्याला चावता येत नव्हतं. म्होरक्यानं सांगितलं तेव्हा मुलानं बोकडाच्या मटणाचं अळणी पाणी काढलं, मीठमिरची नसलेलं, आमच्याकडे बाळंतिणीला देतात तसं. डबा भरला आणि कपाळावरची पट्टी तशीच ठेवून शहर ओलांडून गेला. मी जाऊ नको म्हटलं नाही. पण तो परत येईपर्यंत मी काही खाल्लं नाही.

तो परत आला तेव्हा सदरा छातीपासून कमरेपर्यंत तेलकट झाला होता. गळ्याजवळ चामडी भाजून लाल झाली होती. मी आधी त्याच्या हातांकडे बघितलं. बोटं सोललेली नव्हती.

"काय झालं?"

"त्याच्या मुलानं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं डबा अंगावर मारला. मग कानाखाली दोन दिल्या."

"मग तू काय केलंस?"

"डबा उचलला. फरशी पुसली. आलो."

सून रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडू नको, खोबरेल आण. त्याच्या गळ्याला लावलं. मग पातेल्याखाली जाळ सारला. फुंकणी वाकली होती, पण चालत होती.

"उद्या परत जा," मी म्हटलं.

"परत नाव विचारलं तर?"

"सांग."